खड्डा दिसला की उडी मारायची

गेल्या अंकात ‘पोर्टल’ या गेमबद्दल मी पानाच्या कोपऱ्यात थोडंसं लिहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहत फिरायचं आणि एकेका खोलीतून बाहेर पडायची वाट शोधून काढायची, असा तो गेम. त्यावर बरीच पत्रं आली. शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. मुलांच्या गेमबद्दल पालकांनी तक्रार न करता नुसतं ‘हे काय आहे?’ असं विचारावं, हे मी फार क्वचित पाहिलंय. म्हणून या महिन्याचं सगळं पान याच पत्रांसाठी ठेवलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तुम्ही ज्याबद्दल लिहिलंत तो गेम तो सुट्टीत खेळत होता. त्यात शर्यत नाही, मारामारी फारशी दिसत नाही, नुसत्या पांढऱ्या खोल्या. परवा तो वीस मिनिटं हात न हलवता स्क्रीनकडे बघत बसला होता. मी हाक मारली तर ‘आई, थांब, आत्ता बोलू नकोस’ म्हणाला. या रिकाम्या खोल्यांमध्ये एवढं काय आहे?
— एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, ती वीस मिनिटं तो खेळत होता. त्या गेममधला खरा खेळ तेवढाच आहे. बाकीचं चालणं, उड्या मारणं, बटणं दाबणं हे त्या वीस मिनिटांत जे सुचलं ते करून बघण्यापुरतं.

सुरुवात कशी होते ते सांगते. एका काचेच्या खोलीत जाग येते. पलंग आहे, कमोड आहे, रेडिओवर एक हलकीफुलकी धून वाजतेय. दार मात्र कुठेच नाही. एका यंत्राचा बाईच्या आवाजातला स्वागतसंदेश ऐकू येतो, उलटी मोजणी होते आणि समोरच्या भिंतीत एक लंबगोल दार उघडतं. त्यातून पलीकडे पाहिलं तर नारिंगी कपड्यांतली एक बाई उभी दिसते. आपण डावीकडे सरकलो की तीही सरकते. दोन-तीन वेळा असं झालं की लक्षात येतं, ती बाई म्हणजे आपणच आहोत. भिंतीतल्या त्या दाराचं दुसरं तोंड काचेच्या खोलीबाहेर उघडलंय, आणि तिथून आपल्याला आपणच दिसतोय. ‘हे दार असं चालतं’ असं कुणी सांगत नाही. ते आपल्याला दिसतं.

पुढे हातात एक यंत्र मिळतं. त्याने एका भिंतीवर निळं दार उघडायचं आणि दुसरीवर नारिंगी. एकातून आत गेलं की दुसऱ्यातून बाहेर. नियम एवढाच. पण ही दारं पांढऱ्या भिंतींवरच उघडतात, काळपट धातूच्या भिंतींवर उघडत नाहीत. खोल्यांना क्रमांक आहेत, एकोणीसपर्यंत. आणि निळं-नारिंगी अशी दोन्ही दारं आपल्या हातात येतात ती थेट अकराव्या खोलीत! तोवर एकच दार आपलं, दुसरं गेमने आधीच कुठेतरी लावून ठेवलेलं. मी शिक्षिका आहे, म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं. निम्म्याहून जास्त धडे होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात अर्धंच अवजार द्यायचं, आणि तरीही त्याला काही कमी पडतंय असं वाटू द्यायचं नाही, याला धीर लागतो. वर्गात मला दर वर्षी घाई होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पांढऱ्या भिंतींत काय आहे, ते मला ज्या दिवशी कळलं तो दिवस माझ्या नीट लक्षात आहे.

2011 सालची दिवाळी. माझा पाय प्लास्टरमध्ये होता. फराळाला आलेल्या भाच्याने मला कंटाळलेलं पाहिलं आणि लॅपटॉपवर हा गेम लावून दिला. मी त्याआधी कधी कुठला गेम खेळले नव्हते. माऊसने मान फिरवायची आणि कीबोर्डने पाय टाकायचे, हे जमेपर्यंत एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी दहाव्या खोलीत आले. समोर खोल खड्डा, आणि जायचं होतं तो कट्टा उंच, उडीच्या आवाक्यात मुळीच नाही. मी तासभर शिडी शोधत होते. एखादा ठोकळा, एखादं बटण, काहीतरी वर चढण्यासारखं. खड्ड्याच्या कडेला मी जातच नव्हते. गेम आहे हे माहीत असूनही कड जवळ आली की माझं बोट आपोआप उचललं जायचं.

आणि त्या खोलीचं उत्तर त्या खड्ड्यातच होतं. तळाशी निळं दार उघडायचं आणि सरळ खाली उडी मारायची. पडताना जो वेग येतो तो घेऊनच आपण उंचावरच्या नारिंगी दारातून बाहेर फेकले जातो, आडवे, आणि समोरच्या कट्ट्यावर जाऊन पडतो. पायांना स्प्रिंगा बसवलेल्या असतात, त्यामुळे आदळून इजा होत नाही. म्हणजे ज्या खड्ड्याला मी अडथळा समजत होते, तीच माझी शिडी होती.

लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मी असाच अख्खा उन्हाळा काठावर काढला होता. पाठीला भोपळा बांधलेला, काका खाली पाण्यात उभे, आणि मी पायरीवर बसून. ज्या दिवशी उडी मारली त्या दिवशी पाणी तेच होतं आणि काकाही तेच होते. त्या दहाव्या खोलीत मला तो दिवस जसाच्या तसा आठवला, कारण ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच नजरेच्या उंचीवरून घडलं. पडद्यावर एखादं बाहुलं पळतंय आणि मी त्याला उडी मारायला लावतेय, असं असतं तर मी पहिल्याच मिनिटात त्याला खड्ड्यात ढकललं असतं. इथे बाहुलं नाही. खड्ड्याकडे बघणारी मी आणि पडणारीही मीच. या प्रकारच्या गेमना ‘फर्स्ट पर्सन’ म्हणतात ते यासाठी. मला वाटतं, तुमच्या मुलाला धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे. कोडं कागदावर असतं तेव्हा आपण त्याच्या बाहेर असतो. इथे कोड्याच्या आत उभं राहून ते सोडवावं लागतं, आणि सुटलं की खोली तीच राहते पण वेगळी दिसायला लागते.

त्याला आणखी एक सांगा, नववीच्या मुलाला आवडेल. या गेमची कल्पना विद्यार्थ्यांची आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये डिजिपेन नावाची संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी 2005 मध्ये अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला. त्यात हीच दोन दारं होती. जवळच्या बेलव्ह्यूमधल्या व्हॉल्व्ह या कंपनीने तो पाहिला आणि सगळ्या चमूलाच नोकरीवर घेतलं. 10 ऑक्टोबर 2007 ला ‘पोर्टल’ बाजारात आला, तोही एका संचात, इतर मोठ्या गेमच्या सोबतीने. त्या संचातला आकाराने लहान असलेला हा गेम आज इतक्या वर्षांनी इस्लामपुरातला मुलगा खेळतोय.

काळजीचं काही आहे का, तेही सांगते. पुढच्या खोल्यांमध्ये गोळ्या झाडणारी पांढरी, अंड्यासारखी यंत्रं आहेत. त्यांना युक्तीने पाडायचं असतं. गोळी लागली की भिंतीवर रक्ताचे शिंतोडे दिसतात, एवढं तुम्हाला माहीत असावं. पण यात पैसे भरून नाणी घ्यायची नसतात, अनोळखी माणसांशी बोलणं नसतं, रोज येऊन हजेरी लावली तर बक्षीस असला प्रकार नसतो. आणि हा गेम संपतो. काही संध्याकाळींत शेवट येतो आणि पोरगं उठतं. ज्या गेमना शेवटच नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

एक दिवस त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. ‘अजून किती वेळ?’ ऐवजी ‘इथे काय अडलंय?’ असं विचारा. तो सांगायला लागेल. सांगता सांगता त्यालाच सुटेल, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघायला तुम्ही तिथे हव्यात.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठराव्या खोलीत तीन दिवस अडकलोय. रूममेट म्हणतो, यूट्यूबवर बघ आणि पुढे जा. बघितलं तर चालेल का?
— नांदेडहून एक विद्यार्थी

उत्तर : नको बघूस. निदान अजून दोन दिवस तरी नको.

कुणी मनाई केलेली नाही, आणि बघितलंस म्हणून तू कमी हुशार ठरणार नाहीस. पण या गेममध्ये मिळवायची वस्तू एकच आहे, ‘अरे, हे असं आहे होय!’ हा क्षण. एका खोलीत तो एकदाच येतो. व्हिडिओ बघितलास की त्या खोलीपुरता तो कायमचा गेला. पुन्हा खेळून मिळत नाही, कारण माहीत झालेलं विसरता येत नाही. तीन दिवस तू जे भरलंयस ते त्या क्षणासाठी भरलंयस.

मी अडकले होते तेव्हाचं सांगते. पुढच्या खोल्यांपैकी एकीत दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी तपासायच्या गठ्ठ्यातली एक कोरी पुरवणी ओढली आणि खोलीचा नकाशा काढला. वरून बघितल्यासारखा, घराचा प्लॅन काढतात तसा. भिंती, खड्डा, बटण, दार, सगळं जिथल्या तिथे. काही सुचेना. मग दुसऱ्या बाजूला तीच खोली बाजूने कापल्यासारखी काढली, विहिरीची आकृती काढतात तशी. काढताना छताची रेघ ओढली आणि हात थांबला. छत पांढरं होतं की काळं, ते मला सांगता येईना! दोन दिवसांत मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. वरून काढलेल्या नकाशात छत नसतंच, त्यामुळे तिथेही ते मला भेटलं नव्हतं. गेम चालू केला, माऊस पुढे ढकलून वर पाहिलं, तर छतात एक पांढरा चौकोन माझ्या डोक्यावर होता.

तर तूही तेच कर. कागद घे. दोन आकृत्या काढ, एक वरून, एक बाजूने. जिथे जिथे दार उघडू शकतं त्या पांढऱ्या जागांवर खुणा कर. त्या खोल्या बांधणाऱ्यांनी पांढरी जागा सहसा उगाच ठेवलेली नसते, म्हणून जी जागा तू अजून वापरली नाहीस तिथे बोट ठेव आणि ‘ही कशाला दिली असेल?’ असं मोठ्याने विचार. रूममेट हसला तर हसू दे. अठरावी खोली लांबलचक आहे, तिचे तुकडे पाड. ‘खोली सुटत नाही’ असं म्हणू नकोस. ‘या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर कसं जाऊ’ एवढंच म्हण. आणि रात्री एकनंतर बंद कर. माझ्या बहुतेक खोल्या सकाळी चहा टाकताना सुटल्यात.

सुटली की मला कळव. कशी सुटली ते सविस्तर लिही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझा एक विद्यार्थी म्हणतो की या गेममुळे त्याला संवेग अक्षय्यतेचा नियम समजला. गेममधलं भौतिकशास्त्र खरं आहे का? वर्गात उदाहरण म्हणून वापरावं का?
— एक शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : सर, जरूर वापरा. जिथे ते बरोबर आहे तिथेही आणि चुकीचं आहे तिथे तर नक्कीच.

बरोबर काय, ते आधी. पडण्याचा वेग उंचीवर ठरतो, हे त्या गेममध्ये अंगात भिनतं. फळ्यावर साधं गणित मांडा. गुरुत्व त्वरण 10 धरा. 5 मीटर खोल खड्ड्यात पडलो की तळाशी चाल होते सेकंदाला 10 मीटर. याच चालीने जमिनीपासून 5 मीटर उंचीवरच्या दारातून आडवे बाहेर पडलो, तर खाली पोचायला 1 सेकंद लागतो, म्हणजे आपण 10 मीटर लांब जाऊन पडतो. आता मुलांना विचारा, 20 मीटर लांब जायचं असेल तर खड्डा किती खोल हवा? वर्गातली बहुतेक मुलं 10 मीटर म्हणतील. उत्तर 20 मीटर आहे. अंतर दुप्पट हवं तर खड्डा चौपट खोल, कारण चाल उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. गेम खेळणारा मुलगा हे सूत्राशिवाय ओळखतो. कड पुरत नाही असं दिसलं की तो आपोआप जास्त उंच जागा शोधायला लागतो.

आता चूक. गेममधला यंत्राचा आवाज सांगतो की दारातून जाताना संवेग कायम राहतो, आणि लगेच सोप्या भाषेत सांगतो की वेगात आत गेलेली वस्तू वेगात बाहेर येते. दुसरं वाक्य गेममध्ये खरं आहे, पहिलं नाही. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि ती सदिश राशी, म्हणजे तिला दिशाही असते. खाली जाणारं शरीर आडवं बाहेर पडलं म्हणजे दिशा 90 अंशांनी बदलली, म्हणजे संवेग बदलला. कायम राहिली ती चाल, म्हणजे दिशा वगळून नुसता वेगाचा आकडा. मग संवेगातला फरक कुणी घेतला? भिंतीने, पृथ्वीने, कुणीतरी घ्यायला हवा, पण गेम तो हिशोब दाखवत नाही. चाल आणि वेग यांतला फरक नववीत पाठ करून घेताना आपला घसा बसतो. इथे तो प्रत्यक्ष दिसतो.

आणि सगळ्यात मोठी चूक सर्वांत सुंदर आहे. जमिनीवर एक दार आणि बरोबर वर छतावर दुसरं. आत उडी मारली की माणूस पडतच राहतो, छतातून जमिनीत, पुन्हा छतातून. 50 किलोचा माणूस आणि 3 मीटर उंचीची खोली धरली तर प्रत्येक फेरीला 1500 ज्यूल ऊर्जा मिळते, आणि ती कुठून आली याला उत्तर नाही. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात एकदाही बोलला नव्हता, उठून म्हणाला, ‘मॅडम, मग तिथून पाणी सोडून मधे टर्बाइन बसवलं तर फुकट वीज?’ तो तास मी तिथेच थांबवला आणि पुढचे दोन तास फक्त त्या टर्बाइनवर घेतले. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही. असं दार खऱ्या जगात का असू शकत नाही, किंवा असलंच तर ते उघडं ठेवायला किती ऊर्जा मोजावी लागेल, यावर मुलं आपापसांत भांडत होती.

प्रश्न : माझं वय 61. मुलाच्या कॉम्प्युटरवर हा गेम चालू केला. मजा वाटली, पण दहा मिनिटांत डोकं गरगरलं आणि मळमळलं. माझ्यासारखीने हे सोडून द्यावं का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : ताई, सोडू नका, पण सोसतही बसू नका. चोर्ला घाटातून जाताना गाडीत पुस्तक वाचलं की जे होतं तेच हे, फक्त उलटं. घाटात कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो ‘आपण हलतोय’ आणि पानावरचे डोळे म्हणतात ‘नाही’. इथे डोळे म्हणतात ‘पळतोय’ आणि कान म्हणतो ‘खुर्चीत बसलोय’. त्यात ‘पोर्टल’मध्ये जमिनीतल्या दारातून बाहेर पडताना सगळं दृश्य गोल फिरून सरळ होतं, तेव्हा गरगरणं जास्त.

खोलीत दिवा चालू ठेवा, अंधारात खेळू नका. स्क्रीनपासून हातभर आणखी मागे बसा. सेटिंगमध्ये माऊसचा वेग कमी करा. दृश्याची रुंदी वाढवायची सोय मिळाली तर मुलाकडून ती वाढवून घ्या, नजरेचा कोन मोठा झाला की बऱ्याच जणांना आराम पडतो. दारातून जाताना पडद्याच्या मधोमध असलेल्या खुणेकडे बघत राहा. आणि पहिली शंका आली की उठा. ‘एवढी खोली संपवते मग उठते’ म्हटलं की पुढचे दोन तास जातात, हे अनुभवाने सांगते. रोज दहा मिनिटं केलंत तर पंधरवड्यात फरक दिसू शकतो. गेम बंद असतानाही चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझी नात आठवीत आहे. तिने या गेममध्ये एक ठोकळा जाळला आणि रात्री जेवली नाही. निर्जीव ठोकळ्यासाठी एवढं वाईट वाटणं बरोबर आहे का? तिला समजावू कसं?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, समजावू नका. तिला जे वाटलं ते वाटावं म्हणूनच ती खोली तशी बांधलेली आहे, आणि ज्याला तिथे काही वाटत नाही त्याचं काहीतरी हुकतं असं मला वाटतं.

सतराव्या खोलीत एक जड ठोकळा मिळतो. आधीच्या खोल्यांतही ठोकळे होते, बटणावर ठेवायला. पण याच्या बाजूंवर गुलाबी हृदय काढलेलं आहे. ही खोली लांब आहे आणि प्रत्येक टप्प्यावर ठोकळा लागतो. कधी पायरी म्हणून, कधी उसळत येणाऱ्या आगीच्या गोळ्यापुढे ढाल म्हणून, कधी बटणावर वजन म्हणून. गेम बांधताना जे लोक तो खेळून बघत होते, ते हा ठोकळा मागेच विसरून पुढे जायचे आणि अडकायचे. म्हणून त्यावर हृदय आलं, की माणसाने त्याला सोबत न्यावं. आणि माणसं खरोखर नेऊ लागली, जपू लागली. तोवरच्या सगळ्या खोल्यांत सोबतीला कुणीच नव्हतं, फक्त एक आवाज होता, आणि तो आवाज हळूहळू खोटा वाटायला लागलेला असतो. अशा जागी जो आपल्यासाठी ढाल झाला, तो आपला वाटणारच.

मग दार उघडायच्या आधी तोच आवाज सांगतो, ठोकळा भट्टीत टाक. दुसरा मार्ग नाही. मी कितीतरी वेळ शोधला होता. ठोकळा उचलून मी सगळी खोली पुन्हा चालले.

तिला फक्त एक विचारा. पुढे खेळलीस का? शेवटच्या प्रसंगात त्या आवाजाशीच गाठ पडते, आणि तिथे काय करायचं हे तिला बरोबर सुचेल, कारण ती भट्टी तिने आधी एकदा वापरलेली आहे. बाकी काही सांगत नाही, तिची मजा जाईल. आज तिला आवडीचं जेवण द्या आणि ठोकळ्याबद्दल ती बोलली तर ऐकून घ्या.

प्रश्न : मी नोकरीसाठी जर्मनीत आहे. आई नाशिकला एकटी असते. रोज शब्दकोडं सोडवते, सुडोकू सोडवते. तिला असा एखादा गेम द्यावा असं वाटतं. इंग्रजी तिला जेमतेम येतं, ‘पोर्टल’मधला आवाज कळणार नाही. काही सुचवाल का?
— एक मुलगा

उत्तर : ‘द विटनेस’ द्या. जोनाथन ब्लो यांचा हा गेम 26 जानेवारी 2016 ला आला. आयपॅडवरही चालतो, त्यामुळे आईंना कीबोर्डची कटकट नको असेल तर बोटाने खेळता येईल.

एक निर्मनुष्य बेट आहे. वाळवंट, दलदल, बांबूचं बन, पडका किल्ला. बेटभर पाट्या लावलेल्या, आणि प्रत्येक पाटीवर एक छोटं जाळं. एका टोकाला गोल, तिथून रेघ काढत दुसऱ्या टोकाला न्यायची. सगळी मिळून पाचशेच्या वर कोडी आहेत. आणि ती कशी सोडवायची हे सांगणारा एकही शब्द नाही. पहिली पाटी म्हणजे सरळ रेघ. ती ओढली की दार उघडतं. दुसरीत एक वळण. मग हळूहळू काळे-पांढरे चौकोन येतात, ते रेघेने वेगळे करायचे असतात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, चार-पाच सोप्या पाट्या ओळीने लावलेल्या असतात आणि करता करता नियम आपला आपल्याला कळतो. बेटावर काही इंग्रजी ध्वनिमुद्रणं सापडतात, ती नाही ऐकली तरी कोड्यांचं काही अडत नाही. शब्दकोडं रोज सोडवणाऱ्या माणसाला हे लवकर जमेल.

दोन गोष्टी आधी बघा. काही पाट्या रंगांवर आहेत, आणि जंगलातल्या काही पाट्या पक्ष्यांच्या आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांवर. आईंना रंग ओळखायला किंवा ऐकायला त्रास असेल तर तेवढ्या पाट्या त्यांनी सोडून द्याव्यात, बेट मोठं आहे. एका जागी अडलं तर दुसरीकडे जाता येतं, दार बंद करून कोंडून ठेवणारा हा गेम नाही. गरगरण्याबद्दल वर लिहिलंय ते त्यांनाही वाचून दाखवा.

आणि फोनवरून तुम्ही एवढंच करा. आई सफरचंदांच्या बागेत पोचल्या की तुम्हाला फोन करतील, कारण तिथे हमखास अडायला होतं. पाटीवर फक्त फांद्या फुटलेली एक रेघ असते, झाडासारखी. कुठल्या फांदीच्या टोकाला जायचं याची काही खूण पाटीवर नसते. त्या पाटीकडेच बघत बसतील. उत्तर सांगू नका. समोर झाड आहे का, एवढं विचारा, आणि त्याच्याभोवती एक चक्कर मारायला सांगा.